एका कोपराची कबुली

आप्पा,

सोमवारी दुपारी सोनपेठला तुमचा डावा हात वळेना.

तुमच्या समाजात गेलेल्या माणसाला समाधीत आडवं ठेवत नाहीत, मांडी घालून बसवतात, आणि आयुष्यभर गळ्यात बाळगलेलं इष्टलिंग शेवटी डाव्या तळहातावर ठेवतात, हे मला तुमच्याकडूनच माहीत झालेलं. पण लेकीची वाट बघण्यात वेळ गेला. जालन्याहून निघालेली तिची बस देवगाव फाट्यावर बंद पडली होती. ती पोहोचेपर्यंत अंग ताठलं. उजवा हात मांडीवर नीट राहिला, डावा मात्र घसरून सरळ झाला होता. समाधीच्या खड्ड्यात उतरलेले दोघे भाऊबंद तो ओढायला लागले तसे स्वामी म्हणाले, "हळू रे, हळू. काहीतरी मोडंल." तेव्हा तुमच्या लेकानं, महेशनं वर माझ्याकडे पाहिलं. "साहेब, तुमी हाडाचे डॉक्टर. तुमीच उतरा की."

मी बूट काढून उतरलो. एक हात दंडाखाली, दुसरा मनगटाजवळ, तुम्ही धरायचात अगदी तसा. ताठलेला सांधा जोर लावून वळत नाही. थोडा वळवायचा, थांबायचं, त्याला सवय होऊ द्यायची, मग पुन्हा थोडा. वळवता वळवता माझा अंगठा आपोआप कोपराच्या आतल्या उंचवट्यामागे गेला. तिथून ती नस जाते. आणि माझ्या तोंडून मोठ्यानं शब्द निघाला, "नस?"

"काय म्हनले साहेब?" वरून कुणीतरी विचारलं.

इतकी वर्षं हा प्रश्न तुमचा होता आणि उत्तर माझं. सोमवारी प्रश्न माझ्या तोंडी आला आणि उत्तर द्यायला कोणी नव्हतं. हात वळला. स्वामींनी तळहातावर लिंग ठेवलं, वर बेलाची पानं ठेवली. मी वर आलो, पायाची माती न झटकता गाडीत बसलो. जे सांगायला आलो होतो, ते तसंच घेऊन परभणीला परतलो.

म्हणून हे लिहितो आहे.

तो प्रश्न कसा सुरू झाला ते तुम्हाला आठवत असेलच. मी नवा होतो, हॉस्पिटल नवं होतं, आणि तुम्ही आमच्याकडे येण्याआधी दुसऱ्या एका डॉक्टरांकडे बारा वर्षं हातपाय धरून आला होतात. तुमचं काम म्हणजे ऑपरेशनभर रुग्णाचा हात किंवा पाय मी सांगेन त्या कोनात धरून ठेवणं. कागदावर असिस्टंट, पण तुम्ही स्वतःला "धरणारा" म्हणायचात. पहिल्याच कोपराच्या वेळी तुम्ही टेबलाच्या पलीकडे होतात. तिथून तुम्हाला जखमेची आतली बाजू दिसत नव्हती. अर्ध्या ऑपरेशनला तुम्ही खणखणीत आवाजात विचारलंत, "साहेब, नस?"

मी चमकलो. "काय नस?"

"कुठं हाय ती? मोकळी हाय का?"

मी पाहिलं. हाडावर बसवत असलेल्या धातूच्या पट्टीच्या कडेखाली ती जराशी दबायला लागली होती. मी पट्टी सरकवली आणि म्हणालो, "मोकळी."

"मंग चालू द्या."

त्या दिवसापासून प्रत्येक कोपराला तुम्ही दर थोड्या वेळानं विचारायचात, "नस?" मी पाहायचो आणि सांगायचो, "मोकळी." सिस्टर हसायच्या. भुलीचे डॉक्टर म्हणायचे, आप्पा पहारेकऱ्यासारखे हाळी देतात. तुम्ही म्हणायचात, "हसा. पन विचारल्याबिगर साहेब बघत न्हाईत, हाडात गुंगत्यात." खरं होतं. मी हाडात गुंगतो. अजूनही.

तुमची दुसरी सवय म्हणजे फीत. कोपर कुठं आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, ती ही नस. कोपराचं काहीही करायचं तर आधी तिला शोधायचं, आजूबाजूच्या पडद्यांतून सोडवायचं आणि भोवती एक मऊ फीत घालून बाजूला ठेवायचं, म्हणजे हत्यार चालताना ती नजरेसमोर राहते. आम्ही त्यासाठी बाळाची नाळ बांधायची फीत वापरतो. पुष्कळ जण तिची दोन्ही टोकं धरून त्यांना लोखंडी चिमटा लावून ठेवतात. ते सोपं पडतं. तुम्ही मला कधी लावू दिला नाहीत. "नसेला लोंबतं वजन नको साहेब. नाळेची फीत हाय, नाळेसारखीच बांधा," असं म्हणून माझ्या हातातून टोकं घ्यायचात आणि सैल गाठ मारायचात. एका बोटाची जागा आत राहील अशी. तुमच्या जाड बोटांतून ती गाठ इतकी हलकी कशी निघायची, ते मला कधी कळलं नाही.

आता सुभद्रामावशी.

चुडाव्याहून सकाळच्या पॅसेंजरनं त्या यायच्या, भाऊ सोबत. संधिवातानं उजवं कोपर आतून पार खाल्लेलं. हाडाला हाड घासायचं, आणि हात ना पूर्ण वळायचा ना सरळ व्हायचा. त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "डॉक्टरसाहेब, भाकर थापता येत न्हाई ते ऱ्हाऊ द्या. तोंडापर्यंत तरी गेली पायजे. सून भरवायलीय मला, लेकरागत." मी सांधा बदलायचं सुचवलं. खुब्याचे, गुडघ्याचे सांधे आपण पुष्कळ बदलले होते, कोपराचा एकही नाही. म्हणून मी मोठ्या शहरातून एका ज्येष्ठ सरांना बोलावलं.

ऑपरेशनच्या सकाळी हात धुताना मी तुम्हाला म्हणालो, "आप्पा, आज ते नस-नस ओरडू नका. मोठे सर आलेत."

तुम्ही कोपरापर्यंत साबण लावत होतात. माझ्याकडे पाहिलं नाहीत. "बरं," म्हणालात. मग जरा वेळानं, हसून, "तोंड बंद, हात चालू."

मला तुमची लाज वाटली होती, आप्पा. इतकं साधं आहे ते. त्या सरांच्या थिएटरात सगळं शांत असतं, हे मी पाहिलं होतं. आपल्याकडे एक जाड मिशांचा माणूस बाजारात हाक मारावी तसा ओरडतो, हे त्यांना दिसू नये असं मला वाटलं.

मावशींना कुशीवर घेतलं, हात उशीवरून असा लोंबता ठेवला की कोपर वर येईल. मागून चीर. नस सापडली, सोडवली. फीत घातली. तुम्ही टोकं घ्यायला हात पुढे केलात आणि मी तुमच्याकडे न बघता चिमटा लावला. सैल गाठ मला त्या क्षणी गावठी वाटली.

पुढचं काम चांगलं झालं. खरंच चांगलं झालं. दंडाच्या मागचा स्नायू आम्ही हाडापासून पूर्ण सुटू दिला नाही. खराब झालेली टोकं कापली, दोन्ही हाडांच्या पोकळ्या कोरून बेताच्या केल्या, आधी नमुन्याचा सांधा बसवून हात वळवून पाहिला. वळला, तोंडापर्यंत गेला. सर म्हणाले, "वा." मग पोकळ्या धुतल्या, कोरड्या केल्या आणि सिमेंट कालवायला घेतलं. एरवी तो वास आला की तुम्ही हमखास म्हणायचात, "साहेब, स्लॅब भरायलाय का कोपर?" त्या दिवशी तेही नाही.

सिमेंट भरलं, सांध्याचे दोन भाग आत बसवले, मधली खीळ घातली. आता ते घट्ट होईपर्यंत हात जसा आहे तसा धरून ठेवायचा. कोणी हलायचं नाही. ती काही मिनिटं खूप लांब असतात. हात तुम्ही धरला होता. आणि तुमच्या बाजूनं, चादरीच्या घडीखाली, तो चिमटा घसरून खाली लोंबत होता. सगळं वजन फितीवर, फीत नसेवर. तुम्हाला ते दिसलं. तुमचे दोन्ही हात अडकलेले होते. तुम्ही मान वर केलीत आणि म्हणालात, "साहेब, न..."

मी म्हणालो, "आप्पा. गप्प."

तुम्ही गप्प बसलात. सिमेंट वाळलं. नंतर मी चिमटा पाहिला. फितीखाली नस चपटी, पांढुरकी झाली होती. मी फीत काढली, नस सांध्यापासून दूर, तिच्या नव्या जागी ठेवली, जखम शिवली. सरांना बोललो नाही. त्यांना परतीची गाडी होती.

दुसऱ्या दिवशी मावशींनी हात वळवला आणि बिस्किट स्वतःच्या हातानं खाल्लं. सगळा वॉर्ड बघत होता. मग त्या म्हणाल्या, "ही दोन बोटं माजी न्हाईत." करंगळी आणि तिच्या शेजारचं. टाचणी टोचली तरी कळेना. त्यांच्या भावानं विचारलं, "डॉक्टरसाहेब, हे कशानं झालं?"

या प्रश्नाला खरं उत्तर होतं आणि ते मला पाठ होतं. मी म्हणालो, "हात धरणाऱ्याचा हात जरा जड पडला. ताण आला नसेवर. येईल, हळूहळू येईल."

तुम्ही दारात होतात. ड्रेसिंगची गाडी घेऊन.

भाऊ तुमच्याकडे वळला. "काय हो आप्पा? आमच्या अक्काचा हात हाय, बैलाचा पाय न्हाई!" मी तेव्हासुद्धा बोलू शकलो असतो. तुम्ही गाडी भिंतीला लावलीत, आत आलात आणि मावशींपुढे हात जोडलेत. "चुकलं माय. हात जड हाय माजा." आणि मग त्याच हातांनी पट्टी बदललीत. मावशी तुमच्याकडे बघतही नव्हत्या.

त्या संध्याकाळी मी तुम्हाला केबिनमध्ये बोलावलं. मनात होतं की माफी मागावी. प्रत्यक्षात म्हणालो, "आप्पा, वाईट वाटून घेऊ नका. अशा वेळी काहीतरी सांगावं लागतं." तुम्ही म्हणालात, "वाईट कशाचं साहेब? डॉक्टरावरचा भरोसा गेला तर लोकं कुठं जातील? माज्यावरचा गेला तर काय होतंय." हे तुम्ही टोमणा म्हणून म्हणालात की मनापासून, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं.

पण त्यानंतर तुम्ही "नस?" विचारणं कायमचं थांबवलंत. पुढच्या कोपराच्या वेळी मी वाट पाहिली. अर्धा तास गेला. मी मुद्दाम हात थांबवून तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही हाताकडे बघत होतात. शेवटी मीच नस पाहिली आणि मोठ्यानं म्हणालो, "मोकळी." कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही फक्त मान हलवलीत. मी एकदाच म्हणायला हवं होतं, आप्पा, विचारा पुन्हा. पण तसं म्हणायचं तर का थांबलात ते बोलावं लागलं असतं.

तुमचं माझं भांडण असं एकच झालं, तेही अर्धवट. मावशी दर काही महिन्यांनी तपासणीला यायच्या. भाकरी तोंडापर्यंत जात होती, वेणीपर्यंत हात जात होता. भरलेली कळशी जन्मात उचलायची नाही हे त्यांनी मान्य केलं होतं. पण ती दोन बोटं तशीच. तव्याला लागायची आणि कळायचंही नाही, वास आला की कळायचं. दर वेळी नवा डाग. मी दर वेळी नसेच्या ताकदीच्या गोळ्या लिहून द्यायचो आणि म्हणायचो, "येईल, वेळ लागतो." नस हळू वाढते हे खरं आहे. पण वर्ष उलटून गेल्यावर, अंगठा आणि बोटामधलं मांस झिजून पडलेला खळगा तसाच दिसल्यावर, ती येणार नाही हेही मला माहीत होतं.

एकदा त्या गेल्यावर तुम्ही दार लोटलंत. "साहेब, त्या गोळ्या बंद करा."

"त्यानं अपाय काही नाही, आप्पा."

"अपाय न्हाई? ती बाई रोज सकाळी उठून बोटं चिमटून बघायलीय, आली का म्हनून. सांगून टाका तिला. एकदा सांगितलं की ती डाव्या हातानं तवा धरायला शिकंल."

"मग कशानं झालं तेही विचारील."

"विचारू द्या की."

"आप्पा, तुम्हाला तुमचं नाव साफ करून हवंय का?" मी हे म्हणालो. मी हे तुम्हाला म्हणालो.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागानं नाही. चुकीच्या कोनात धरलेल्या हाताकडे तुम्ही बघायचात तसं. "माज्यासाठी न्हाई साहेब. तिच्यासाठी म्हनलं," म्हणालात आणि बाहेर गेलात. बोलणं तिथंच राहिलं.

मग तुमची मूत्रपिंडं थकली, तुम्ही काम सोडून सोनपेठला गेलात. मी दोनदा भेटायला आलो. दुसऱ्या वेळी मी ठरवून आलो होतो. तुम्ही ओट्यावर बसला होतात, कपाळावर विभूती, पाय सुजलेले. आल्या आल्या म्हणालात, "कोपरं चालू हायत का?" मी म्हणालो चालू आहेत. "फीत कोन बांधतंय?" मी म्हणालो, मीच बांधतो. तुम्ही हसलात. "जमतीय का?" मी म्हणालो, नाही. तुम्ही महेशला सुतळीचा तुकडा आणायला लावलात आणि माझं बोट पुढे घेऊन त्याच्याभोवती ती गाठ मारून दाखवलीत. तीनदा. मी तीनदा चुकलो. "जाऊ द्या, पुढच्या टायमाला," म्हणालात. आणि मीही तेच म्हणालो, मनातल्या मनात, दुसऱ्याच गोष्टीबद्दल.

बुधवारी मी चुडाव्याला गेलो.

मावशी ओसरीत तूर निवडत होत्या. उजव्याच हातानं. मला बघून पदर सावरला. "डॉक्टरसाहेब? तुमी हिकडं?"

"आप्पा गेले, मावशी."

"आयकलं." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "चांगला मानूस नव्हता म्हनावं तर तसंबी न्हाई. हात जड होता, तेवढंच."

"जड नव्हता." मी उभाच होतो. "चूक माझी होती. नसेला मी चिमटा लटकत ठेवला. ते सांगत होते, मी त्यांना गप्प बसवलं. आणि तुम्हाला खोटं सांगितलं."

मग म्हणाल्या, "मंग त्यानं हात का जोडले?"

"माझ्यासाठी."

"अन मी?" मावशींचा आवाज चढला. "तवा लागला की मी त्याला शिव्या घालायलेय. रोजचं. सून साक्षी हाय. तुजे हात झडू दे म्हनलं मी त्याला, डॉक्टर. आता मेलेल्या मानसाला घातलेल्या शिव्या मी कुटून वापस आनू?"

मी म्हणालो, "मला घाला."

"तुमाला तर घालनारच हाय. तुमी काय सांगता." आणि त्यांनी घातल्या. शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली. मी ऐकून घेतलं. थांबल्यावर त्यांनी तीच दोन बोटं दुसऱ्या हातानं धरली. "आता एक खरं सांगा. येनार हायत का न्हाई?"

"नाही, मावशी."

"कदीच?"

"कधीच नाही."

त्या आत गेल्या. देवळीतून गोळ्यांच्या पट्ट्या काढून आणल्या, अर्ध्या, पूर्ण, सगळ्या, आणि माझ्या हातात ठेवल्या. "न्या ह्या. अन पुन्यांदा कुनाला 'येईल' म्हनू नका." चहाचं विचारलं नाही. आपल्या भागात घरी आलेल्याला चहा न विचारता लावून देणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. फाटकाशी पोहोचलो तेव्हा मागून आवाज आला, "त्या आप्पाची समाधी कुटंय? सोनपेठात कुनाला इचारावं?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "जाते एकदा. माजं मी बघते."

आप्पा, यानं काही फिटत नाही, हे मला कळतं. तुम्ही होतात तेव्हा हे त्यांना सांगितलं असतं, तर निदान मावशींनी तुमच्याकडे मान वर करून पाहिलं असतं. ते मी तुम्हाला मिळू दिलं नाही. ज्या हातांना मी जड म्हणालो, त्या हातांनी मला इतकी वर्षं सांभाळलं, आणि शेवटी सुतळीचा तुकडा घेऊन शिकवायला बसले. तुमचे आभार मानायचे तर आधी ही कबुली मधे येते, आणि कबुली द्यायला बसलो की आभारच जास्त आठवतात.

काल एक कोपर होतं. मोडलेलं, पट्टी-स्क्रूचं साधं काम. नस सोडवली, फीत घातली. चिमटा लावला नाही. गाठ मारली, सुटली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा एका बोटाची जागा राहील अशी झाली. तुमच्याइतकी हलकी नाही, पण राहिली. तुमच्या जागी आता वंदना सिस्टर हात धरतात. नव्या आहेत, मला घाबरतात. मी त्यांना म्हणालो, "सिस्टर, दर थोड्या वेळानं मला एक विचारायचं. 'नस?' एवढंच. मोठ्यानं."

"बरं सर."

"कुणी पाहुणे आले तरी विचारायचं. मी गप्प बसा म्हणालो तरी."

त्या जरा गोंधळल्या. "तुम्ही गप्प बसा म्हणालात तर, सर?"

"तर आणखी मोठ्यानं."

स्क्रू लावताना मी हाडात गुंगलो होतो, आप्पा, नेहमीसारखा. आणि टेबलाच्या पलीकडून, अगदी हळू, जवळजवळ माफी मागितल्यासारखा आवाज आला, "सर... नस?"

मी हात थांबवला. वाकून पाहिलं.